हवालदारांची कॉफी आणि माझं जायफळ

आमच्या गावात कॉफी आजाऱ्याला द्यायचे. चहा सगळ्यांना, उठल्यापासून निजेपर्यंत. कॉफी मात्र ताप उतरल्यावर, जुलाब थांबल्यावर, नाहीतर एकादशीला म्हातारीच्या उपवासाला. दूध उकळायचं, डब्यातली चिमूटभर पूड टाकायची, वर जायफळ उगाळून घालायचं आणि पेला नेऊन आजाऱ्याच्या उशाशी ठेवायचा. एखाद्या घरातून कॉफीचा वास आला की शेजारीण पदराला हात पुसत दारात हजर, "कोण पडलंय गं?" अशा गावात माझ्या नवऱ्यानं हॉटेल काढलं, तेही नुसत्या कॉफीचं. चहा ठेवणारच नाही म्हणाले. आता बोला!

गाव खानापूर तालुक्यातलं, बेळगावहून गोव्याला जाणाऱ्या रस्त्यावर, घाट लागायच्या जरा अलीकडं. सत्तरचं दशक संपत आलं होतं. गोवा बघायला जायची हौस तेव्हा नुकती कुठं वाढायला लागली होती. बेळगावची, निपाणीची, कोल्हापूरची माणसं गाड्या करून निघायची. बेळगावच्या कॅम्पातल्या मिलिटरीवाल्यांची कुटुंबं जीपमधून जायची, हळदीच्या अंगाची नवी जोडपी यष्टीनं जायची. आमचं घर रस्त्याला लागूनच होतं. पुढं पडवी, मागं स्वयंपाकघर, आणि स्वयंपाकघराला एक मोठी खिडकी. पडवीत दोन बाकडी टाकली की झालं हॉटेल, असं ह्यांचं म्हणणं.

हे पलटणीत होते. पंधरा-सोळा वर्षं नोकरी केली आणि हवालदार होऊन पेन्शनीत निघाले. लग्न झाल्यापासून मला नवरा म्हणजे वर्षातून एकदा येणारा पाहुणाच होता. सुट्टीवर यायचे, कौलं चाळायचे, पोरीला खांद्यावर घेऊन शेताकडं फिरायचे. पोरीला ओळख पटेपर्यंत सुट्टी संपायची. जाताना मी हातावर दही घालायची आणि म्हणायची, "सावकाश जावा." बस, एवढंच. शिपाईगड्याच्या बायकोनं जाताना आडवं बोलू नये, डोळ्यांतून टिपूस काढू नये, असं सासूबाईंनी लग्नाच्या पहिल्याच वर्षी बजावलं होतं. मीही तसली हट्टी. एकदाही रडले नाही. हे पायरी उतरले की मी पाठ फिरवून कामाला लागायची.

त्यामुळं पेन्शन घेऊन कायमचे घरी आले तेव्हा मला हत्तीवरून साखर वाटावीशी वाटली. पण ट्रंक उघडली आणि कपाळावर हात मारून घेतला. कपड्यांच्या खाली एक पितळी फिल्टर, टेबलाला स्क्रूनं आवळायचं दळायचं यंत्र आणि स्टीलचे डझनभर पेले, खोल वाट्यांसकट! नीलगिरीकडं पोस्टिंग असताना लंगरातल्या एका तमिळ स्वयंपाक्यानं ह्यांना कॉफीचं वेड लावलं होतं. तिकडं म्हणे माणसं कॉफी प्यायला मुद्दाम मैलभर चालत जातात. मी म्हटलं, "अवो, ती तिकडची माणसं. हितं माणूस मैलभर चालतोय ते औषधाला."

"तुला काय कळतंय त्यातलं," म्हणाले आणि पाटी रंगवून घेतली. 'शुद्ध फिल्टर कॉफी', वर मराठीत, खाली कानडीत.

पहिल्या आठवड्यात गावातला एक शेतकरी, हिय्या करून म्हणा किंवा फुकट मिळतंय म्हणून म्हणा, बाकड्यावर बसला आणि वाटीभर कॉफी प्याला. संध्याकाळपर्यंत गावभर झालं की त्याला कावीळ झाली. दुसऱ्या दिवशी त्याच्या दारात बायका शहाळी घेऊन उभ्या! त्याची बायको आमच्या पडवीपुढं येऊन अशी काही तणतणली की बोलायची सोय नाही. "धडधाकट माणसाला आजारी पाडलासा की वो," म्हणाली. तेव्हापासून गावातलं माणूस आमच्या बाकड्यापुढून मान खाली घालून जायला लागलं.

रस्त्यावरच्या गाड्या थांबायच्या. गिऱ्हाईक उतरून हातपाय ताणायचं आणि म्हणायचं, "चार कटिंग." हे ताठ उभे राहून सांगायचे, "चहा हितं मिळत न्हाय." अहो, तोंड तरी जरा बरं करून सांगावं! गिऱ्हाईक गाडीत बसून पुढं. मी आतून चुलीपुढं चरफडत बसायची. एकदा मी सरळ म्हटलं, "चहाची किटली ठेवा एक कोपऱ्यात, ती काय तुम्हाला चावतीय?" तर हे म्हणाले, "दुकान माझं हाय." हवालदारकी घरात आणली होती ना.

एक मात्र कबूल करायला पाहिजे. कॉफी फार सुरेख करायचे. बिया बेळगावच्या बाजारातून आणायच्या, लोखंडी कढईत स्वतः भाजायच्या, मला हात लावू द्यायचे नाहीत. लागेल तेवढीच दळायची, फिल्टरमध्ये दाबून भरायची, वर उकळतं पाणी, आणि मग थेंब थेंब गळू द्यायचं. ते काळंभोर डिकाशन ताज्या दुधात घालून पेल्यातून वाटीत, वाटीतून पेल्यात असं हातभर उंचीवरून ओतायचे. फेस यायचा तो बघत राहावा. कॉफी दळली की तो वास रस्त्यापर्यंत जायचा, आणि मला कितीही राग आलेला असला तरी त्या वासानं बरं वाटायचं.

तरीही घोडं पेंड खात होतंच. गणपतीत पुण्याचे थोरले दीर आले, त्यांनी हॉटेलाची कळा बघितली आणि जेवताना म्हणाले, "दिवाळीपर्यंत बघ. न्हाईतर पुण्याला ये. कंपनीत वॉचमनची जागा हाय, मी शब्द टाकून ठेवतो." हे "बरं अण्णा" म्हणाले. माझी तव्यावरची भाकरी करपली.  म्हणजे परत ट्रंक, परत वर्षातून एकदा. नवरा पुरता दाराशी आलाय आणि आत यायच्या आधीच कुणीतरी हाक मारून नेतंय. पण बोलले नाही. कसं बोलणार? जीभच तशी वळली नव्हती कधी.

आता माझ्या जायफळाचं सांगते.

दसऱ्याच्या आसपासची गोष्ट. गोव्याहून बेळगावला जाणारी यष्टी घाट चढून यायची ती आमच्या दाराशी थांबायची. ड्रायव्हरला ह्यांची कॉफी आवडायची आणि कंडक्टर तर ह्यांचा दोस्तच झाला होता. तो मूळचा कानडी, पण मराठी आमच्यासारखंच बोलायचा. त्या दिवशी गाडीतून एक नवी नवरी उतरली. हिरवा चुडा, आणि चेहरा त्याहून हिरवा. घाटात गाडी लागली होती, पोटात काही ठरत नव्हतं. नवरा बिचारा रुमालानं वारा घालतोय, त्याचीही ही पहिलीच परीक्षा. ह्यांनी मोठ्या मनानं आपली फिल्टर कॉफी तिच्यापुढं धरली. तिनं तो कडक वास घेतला आणि तशीच धावत गटाराकडं गेली!

माझ्यानं बघवेना. मी तिला हाताला धरून मागच्या दारी नेलं, तोंडावर पाणी मारायला लावलं, पाठीवरून हात फिरवला. दूध पाणी निम्मं निम्मं, नावाला कॉफी, सुंठीची चिमूट आणि जायफळ सहाणेवर दोन वेढे उगाळून. आमच्याकडं आजाऱ्याला देतात तशी. घोट घोट प्याली, पायरीवर बसली, आणि थोड्या वेळानं मला म्हणाली, "आक्का, अजून हाय काय वो?" कंडक्टर कंबरेवर हात ठेवून सगळं बघत होता.

दुसऱ्या दिवशी गाडी थांबली तसा तो दारातून ओरडला, "बर्री, बर्री, या या! ज्यांना गाडी लागलीय त्यांनी मागच्या खिडकीला जायचं. बरी हायत त्यांनी पुढं हवालदारांच्याकडं!" आणि बघते तो माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीपुढं सात-आठ माणसं.

घाट चढून आलेल्या गाडीत बरी माणसं किती असणार?

काय काय माणसं आली त्या खिडकीला! निपाणीचा एक तंबाखूचा व्यापारी, पांढरंशुभ्र धोतर, बोटांत अंगठ्या. घाटानं त्याची पार चिंधी करून टाकली होती. कॉफी पिऊन खिडकीच्या चौकटीला कपाळ टेकलं आणि म्हणाला, "आक्का, माझी आई गेल्यापासनं असलं कुणी दिलं न्हाय बघा." जाताना पोत्यातले दोन नारळ चुलीपाशी ठेवून गेला. कॅम्पातली एक मिलिटरी साहेबीण यायची. हिंदीत बोलायची आणि पोराला माझ्या मांडीवर टाकून खुशाल गाडी धुवायला जायची. कणकुंबीकडची एक म्हातारी बेळगावच्या दवाखान्यात चालली होती, तिला पुढच्या बाकड्यावर बसायची लाज. माझ्या पायरीवर बसून तिनं मला तिच्या सगळ्या सुनांच्या कागाळ्या सांगितल्या, मगच उठली. एकदा तर दोन गोरी माणसं, अनवाणी, गळ्यात माळा. त्यांना काय झालं होतं देव जाणे, पण पुढची एक आणि मागची एक अशा दोन्ही कॉफ्या प्याले. बाईनं हात जोडले तर ह्यांनी खाडकन सॅल्यूट ठोकला. मी पदर तोंडात कोंबून हसले.

गावातलीही माणसं यायला लागली. माझी कॉफी आजाऱ्याचीच, तिला कोण नाव ठेवणार? तांब्या घेऊन उघड उघड यायची. खिडकीपुढं गर्दी, चुलीवरून पातेलं उतरायला सवड नाही. मी देवापुढं साखर ठेवली. म्हटलं, चला, आता पुण्याचं नाव निघायचं नाही.

पण मी ह्यांच्याकडं बघितलंच नव्हतं. पुढची बाकडी होती तशीच रिकामी होती. ड्रायव्हर, कंडक्टर, आणि महिन्यातून एखाद्या वेळी कॅम्पातल्या शाळेतल्या एक रिटायर मिस. त्यांची बहीण मडगावला असायची, म्हणून त्यांचं जाणं-येणं. त्यांना कधी गाडी लागायची नाही. त्या तेवढ्या ह्यांच्या हातची, बिनसाखरेची, घोटागणिक डोळे मिटून प्यायच्या. बाकी सगळे माझ्याकडं. हे दिवसभर पडवीत बसून पेले पुसायचे. पुसलेले परत पुसायचे.

दिवाळीच्या आदल्या आठवड्यात म्हणाले, "अण्णाला कळवलंय. पाडवा झाला की पुण्याला जातो."

मला काही सुधरेना. म्हटलं, "अवो, हाटेल तर चाललंय!"

"तुझं चाललंय. माझं न्हाय."

"तुझं न् माझं काय त्यात?"

"लोक पुढनं येतात आन् मला वळसा घालून मागं जातात. मी हितं बसून काय करू? माशा मारू?"

"मारा की! माशाबी लई झाल्यात," मी म्हणाले. तोंडातून असंच यायचं माझ्या. जे यायला पाहिजे होतं ते आलं नाही.

त्या दिवाळीला फराळ केला, पण कशाची चव कळली नाही. सासूबाई म्हणाल्या, "जाईना का, पैसं तरी धाडंल. पलटणीत हुता तवा काय मेलीस?" त्यांचंही खरंच होतं. मी मेले नव्हते.

निघायचा दिवस आला. गोव्याहून येणारी गाडी यायची वेळ झाली तशी ह्यांनी ट्रंक पडवीत आणून ठेवली. सकाळीच कॉफी दळली होती, फिल्टर भरून ठेवला होता. मला म्हणाले, "ड्रायव्हर-कंडक्टरला दे. दूध लई उकळू नको." मी मान हलवली. गाडी आली. कंडक्टरनं ट्रंक बघितली, ह्यांच्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, आणि काही न विचारता ती टपावर चढवली. हे गाडीत जाऊन खिडकीपाशी बसले. गाडीत दिवाळी करून परतणारी माणसं गच्च भरलेली. निम्मी माझ्या खिडकीकडं निघाली, पण तिथं मी नव्हते. मी पुढं पडवीत उभी होते, हातात ह्यांचा पेला घेऊन. डिकाशन किती, दूध किती, काही कळत नव्हतं.

त्या दिवशी नेमक्या मिस गाडीत होत्या. उतरल्या, आपल्या नेहमीच्या बाकड्यावर बसल्या, पर्स मांडीवर घेतली आणि मला म्हणाल्या, "हवालदार कुठं आहेत?"

"गाडीत. पुण्याला निघालेत. नोकरीला."

"आणि माझी कॉफी?"

"मी देते की, मिस."

"तुम्ही चांगली करता, बाई, सगळे सांगतात. पण मी आजारी नाही." असं म्हणून त्या उठल्या, गाडीच्या खिडकीशी गेल्या आणि वर्गात पोराला उठवावं तशा आवाजात म्हणाल्या, "हवालदार, पुण्याला जायचं ते जा. पण कॉफी देऊन जा."

गाडीतली माणसं हसली. हे उतरले. काय करतील? चेहरा पार पडला होता, पण फिल्टरपाशी आले, बाही वर सारली, आणि एकदम हात सुरू झाले. पेल्यातून वाटीत, वाटीतून पेल्यात. वास पसरला. गाडीतल्या एकानं विचारलं, "आम्हालाबी एक मिळंल काय वो?" मग दुसऱ्यानं. बघता बघता बाकडी भरली. माणसं पायऱ्यांवर बसली, उरलेली उभी. त्या दिवशी कुणाला गाडी लागली नव्हती की काय, कोण जाणे. बहुतेक लागलीच असेल. माणसं ह्यांच्याकडं बघून ती विसरली असतील, असं मला अजून वाटतं.

मी बाजूला उभी होते. ह्यांची मान दिसत होती, कानामागचे केस पिकलेले दिसत होते. कधी पिकले? मला एकदम कळलं की इतक्या वेळा ह्यांना निरोप दिला, पण निघताना मी ह्यांच्याकडं एकदाही नीट बघितलेलं नाही. बघितलं असतं तर राहवलं नसतं, म्हणून पाठ फिरवायची सवय लावून घेतली होती. आणि आता बघत होते.

"जाऊ नका."

सगळ्यांच्या देखत. भरल्या गाडीच्या, सासूबाईंच्या, मिसच्या देखत. ह्यांच्या हातातली धार वाटीच्या बाहेर गेली.

"काय?" म्हणाले.

"जाऊ नका म्हणते! ऐकायला येत न्हाय काय? माझ्याच्यानं आता परत व्हायचं न्हाय. चहा नको ठेवायला, न्हाय ठेवत. जायफळ नको, तर खिडकी बंद करते. पण घरात राहावा."

माझा आवाज चढला होता आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. बायकांनी तोंडाला पदर लावले असतील, पुरुषांनी कुजबूज केली असेल, मला काही दिसलं नाही. पण हसलं कुणी नाही, एवढं नक्की. परक्याच्या घरातलं असं काही पुढ्यात आलं की माणसं गंमत बघतात. ती माणसं आपापल्या वाट्यांत बघत बसली. मिस डोळे मिटून कॉफी पीत होत्या. आणि कंडक्टर गाडीच्या मागं गेला, शिडी चढला, आणि आमची ट्रंक टपावरून उतरवून त्यानं पडवीत आणून ठेवली. कुणीच त्याला सांगितलं नव्हतं.

हे ट्रंकेकडं बघत राहिले. मग म्हणाले, "खिडकी कशाला बंद करतीस? गाडी लागलेल्यानं कुठं जायचं?"

त्या गाडीतल्या एकाही माणसाचं नाव मला माहीत नाही. मिस पुढं कितीतरी वर्षं येत राहिल्या, त्यांचंही नाव आम्ही विचारलं नाही. पण पुढं सगळी ऐंशीची वर्षं, आमच्या घरावर स्लॅब पडेपर्यंत, पोरीचं लग्न होईपर्यंत, पुढची बाकडी आणि मागची खिडकी दोन्ही चालू राहिली. गिऱ्हाईकाला लोक देव म्हणतात ते पैशासाठी. मी म्हणते ते त्या दिवशी त्यांनी पाच-दहा मिनिटं घाई केली नाही म्हणून. कुणी एकानं जरी "चला हो, उशीर होतोय" म्हटलं असतं, तरी माझे शब्द घशातच राहिले असते. एवढं माझ्यासाठी कुणी सख्ख्यानंही केलेलं नाही.

गाडी गेली. पडवीभर उष्टे पेले पडले होते. हे खाली बसून ते गोळा करायला लागले. मीही बसले.  मग हे वर न बघताच म्हणाले, "हे आधी का न्हाय म्हणालीस गं कधी?"

"आधी कधी?"

"पलटणीत हुतो तवा. दर सुट्टीला वाटायचं, आज म्हणंल."

मला राग आला, रडूही आलं. "म्हणाले असते तर काय राहिला असता?"

"छे. पलटण सोडंल व्हय तसं?" म्हणाले. "पण तेवढं ऐकून गेलो असतो की."